पित्याचा शोध

भातशेताच्या कडेला किंवा विहिरीवर वांकलेल्या झाडाच्या फांदीला गवताच्या तंतूंचीं लोंबतीं घरटीं विणणाऱ्या पिवळ्या पक्ष्याला मराठी भाषेनें सुगरण हें नांव दिलें आहे. सुगरण म्हणजे गृहकृत्यांत निष्णात अशी स्त्री. घर बांधणें, तें सजविणें आणि पिलांचें संगोपन करणें हें सर्व मादीचेंच काम असणार, अशी समजूत या नांवाच्या पोटीं दडलेली आहे. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. तें घरटें विणतो तो नर. आणि घरटें विणण्यांत एवढा कुशल असलेला हाच नर पिलांच्या संगोपनांत मात्र फारसा भाग घेत नाहीं. म्हणजे भाषेनें जेथें माता पाहिली तेथें पिता होता, आणि जेथें पिता दिसावा अशी अपेक्षा करावी तेथें तो नव्हता.

प्राण्यांच्या संसारांत बापाचें काम काय, तो पिलांपाशीं केव्हां राहतो आणि केव्हां निघून जातो, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास सुमारें तेवीसशें वर्षें लागलीं. या विलंबाचें कारण केवळ प्राण्यांच्या वर्तनाची गूढता हें नव्हे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याच्या स्वतःच्या समाजाचा चष्मा असतो, आणि त्या चष्म्यांतून पाहतां पाहतां पुढ्यांत घडणारी गोष्टही दिसेनाशी होते, हें त्याचें मोठें कारण आहे.

या इतिहासाचा आरंभ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याच्यापासून करावा लागतो. प्राण्यांविषयींच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ग्लॅनिस नांवाच्या, नदींत राहणाऱ्या एका मिशाळ माशाचें वर्णन केलें आहे. मादी अंडीं घालून निघून जाते, आणि नर तेथेंच चाळीस ते पन्नास दिवस पहारा करीत राहतो, असें तो सांगतो. अंड्यांवर टपलेल्या लहान माशांना हांकलण्यासाठीं तो झेप घेतो तेव्हां एक प्रकारचा आवाज होतो, आणि त्या आवाजावरून कोळ्यांना त्याचा ठिकाणा लागतो. कोळी पाणवनस्पतींच्या मुळांत गुंतलेलीं अंडीं ओढून उथळ पाण्यांत आणतात, तरी हा बाप त्यांना सोडीत नाहीं. आणि म्हणूनच तो गळाला सांपडतो.

हें वर्णन उघडच कोळ्यांच्या अनुभवावर आधारलेलें होतें. परंतु पुढील विद्वानांना तें खरें वाटेना. माशासारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांत अपत्यप्रेम, आणि तेंही बापाच्या ठिकाणीं, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटे. शतकानुशतकें ही हकीकत दंतकथांच्या सदरांत पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुई अगासी या मूळच्या स्विस, परंतु अमेरिकेंत स्थायिक झालेल्या प्राणिशास्त्रज्ञानें तिकडील मिशाळ मासे आपल्या घरट्यांवर पहारा करतांना पाहिले, आणि त्याला ॲरिस्टॉटलच्या ग्लॅनिसची आठवण झाली. त्यानें ग्रीस देशांतील आकेलोस नदींतील मासे मागवून तपासले, तेव्हां ते मध्य युरोपांतील परिचित माशाहून निराळ्या जातीचे निघाले. १८९० सालीं या जातीला शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्यांत ॲरिस्टॉटलचेंच नांव गोंविलें गेलें. एका ग्रीक कोळ्याला जें ठाऊक होतें तें शास्त्राला मान्य होण्यास दोन हजार वर्षें लागलीं.

अशी चूक एकदांच झाली असें नाहीं. चार्ल्स डार्विन १८३४ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंत हिंडत असतां त्याला चिलीच्या जंगलांत टोंकदार नाकाडाचा एक लहानसा बेडूक मिळाला. पुढें या बेडकाला डार्विनचेंच नांव देण्यांत आलें. त्याच्या पोटाच्या बाजूस असलेल्या पिशवींत जिवंत पिलें आढळतात, हें लवकरच कळलें; आणि अर्थातच तो प्राणी मादी असून ती पिलांना जन्म देते, असें गृहीत धरलें गेलें. १८७२ सालीं हिमेनेस दे ला एस्पादा या स्पॅनिश शास्त्रज्ञानें नीट विच्छेदन करून पाहिलें, तेव्हां पिलें बाळगणारा प्रत्येक बेडूक नर असल्याचें सिद्ध झालें. ती पिशवी गर्भाशय नसून ज्या पिशवीच्या योगानें नर ओरडून मादीला बोलावितो तीच होती. ओल्या पाल्यांत पडलेल्या अंड्यांतून हालचाल दिसूं लागली कीं हा बाप त्यांतील जीवांना तोंडांत घेतो आणि पिशवींत उतरवितो. तेथेंच वाढून तीं पूर्ण बेडूक होऊन त्याच्या तोंडावाटें बाहेर पडतात. ज्या अवयवानें प्रणयाराधन करावयाचें त्याचाच पुढें पाळणा करावयाचा, अशी ही निसर्गाची काटकसर आहे.

युरोपांतील एका भेकाची हकीकतही अशीच आहे. मादीनें घातलेल्या अंड्यांची माळ नर आपल्या मागच्या पायांभोंवतीं गुंडाळून घेतो, कित्येक आठवडे ती अंगावर वागवितो, आणि अंडीं फुटण्याच्या बेतास आलीं म्हणजे पाण्यांत शिरून पिलांना मोकळें करितो. लोकांनीं त्याला सुईणभेक असें नांव दिलें; म्हणजे बापाचें काम करणाऱ्यालाही बाईचेंच नांव मिळालें.

तळ्यांत व भातखाचरांत राहणाऱ्या एका चपट्या पाणकिड्याची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. या कुळांतील किडे हिंदुस्थानांतही सर्वत्र आढळतात. कधीं कधीं त्यांच्या पाठीवर अंड्यांचा दाट थर चिकटलेला दिसतो. मादी आपलीं अंडीं आपल्याच पाठीवर घालते, असें पुष्कळ दिवस मानलें जात असे. आपल्या पाठीवर तिला अंडीं घालतां येतील कशीं, याचा विचार फारसा कोणी केला नव्हता. १८९९ सालीं फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर या अमेरिकन संशोधक स्त्रीनें असे किडे तपासून पाहिले आणि अंडीं वाहणारे सर्व किडे नर असल्याचें दाखविलें. तथापि नर हें ओझें नाखुषीनें वाहतो, मादी त्याच्यावर तें बळजबरीनें लादते, असें तिलाही वाटलें. हा समज खोटा ठरावयास आणखी पाऊणशें वर्षें जावीं लागलीं. तो भाग पुढें येईल.

आतांपर्यंत सांगितलेल्या गोष्टी या सुट्या सुट्या नोंदी झाल्या. त्यांना एका सूत्रांत ओंवण्याचा पहिला मोठा प्रयत्न डार्विननें केला. मोराच्या पिसाऱ्यानें त्याला फार दिवस बेचैन केलें होतें. जगण्याच्या झगड्यांत ज्याचा उपयोग नाहीं, किंबहुना अडथळाच आहे, असा पिसारा निर्माण झाला कसा? १८७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानवाच्या वंशोत्पत्तीवरील ग्रंथांत त्यानें याचें उत्तर दिलें. जगण्यासाठीं होणाऱ्या निवडीखेरीज जोडीदार मिळविण्यासाठींही एक निवड चालूं असते. नर परस्परांशीं झुंजतात, किंवा मादीपुढें आपलें रूप, गाणें व नाच मांडतात. आणि मादी त्यांतून निवड करिते. ज्यांची निवड होते त्यांचे गुण पुढील पिढींत उतरतात.

नर आपसांत झुंजतात ही गोष्ट सर्वांनीं सहज मान्य केली. परंतु मादी निवड करिते, हें म्हणणें त्या काळच्या विद्वानांच्या गळीं उतरेना. मादीला सौंदर्याची पारख असते आणि तिच्या पसंतीनें एखाद्या जातीचें रूप बदलतें, ही कल्पना कित्येकांना हास्यास्पद वाटली. उत्क्रांतीच्या शोधांतील डार्विनचा सहभागी आल्फ्रेड रसेल वॉलेस हाही या मुद्द्यावर त्याच्या विरुद्ध होता. घरट्यावर बसणाऱ्या पक्ष्याला शत्रूच्या नजरेपासून लपावें लागतें, म्हणून मादी मळकट रंगाची असते, असें वॉलेसचें म्हणणें होतें. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठीं त्यानें, अंडीं उबविण्याचें काम जेथें नराकडे असतें तेथें नरच मळकट असतो, या गोष्टीकडे लक्ष वेधलें.

या उलट्या संसाराचे कांहीं उत्तम दाखले हिंदुस्थानांतून गेले. मद्रास सैन्यांतील शस्त्रवैद्य टॉमस जर्डन यानें १८६२ ते १८६४ या काळांत हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि डार्विननें त्याचा पुष्कळ आधार घेतला. लाव्यासारखा दिसणारा, परंतु लाव्याच्या कुळांतील नसलेला टर्निक्स नांवाचा एक लहान पक्षी आहे. त्याची मादी नराहून मोठी व अधिक ठळक रंगाची असते. तीच ओरडून आव्हान देते आणि तीच दुसऱ्या माद्यांशीं झुंजते. येथील लोक झुंजी लावण्यासाठीं तिला पाळीत, आणि अंडीं घालून मादी निघून जाते व नर तीं उबवितो, असें सांगत. ग्रीक कोळ्यांप्रमाणेंच हिंदी पारध्यांनाही ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीं ठाऊक होती.

कमळांच्या पानांवरून लांब बोटांनीं चालणारा कमळपक्षी हा या प्रकाराचा याहूनही मोठा नमुना होय. मादी एका नराच्या घरट्यांत चार अंडीं घालते आणि लगेच दुसऱ्या नराकडे वळते. पहिला नर एकटाच अंडीं उबवितो आणि पिलांना सांभाळतो. संकट आलें कीं पिलांना पंखांखालीं दाबून पळतोही. एकेका मादीच्या राज्यांत असे अनेक बाप आपापलीं घरटीं संभाळीत असतात.

डार्विननें वस्तुस्थिति नोंदविली. परंतु बहुतेक जातींत नरच उतावीळ आणि मादीच चोखंदळ कां, आणि थोड्या जातींत हें उलटें कां, याचा उलगडा त्याला झाला नाहीं. त्याच्यामागें जवळ जवळ शंभर वर्षें हा विषय मंदावलेला राहिला. मधल्या काळांत मात्र प्राण्यांना त्यांच्याच ठिकाणीं बसून, दिवसचे दिवस पाहण्याची एक नवी शिस्त निर्माण झाली. हॉलंडमध्यें टिनबर्गन यानें काटेरी स्टिकलबॅक माशाचा अभ्यास केला. हा नर तळाशीं पाणवनस्पतींचें घरटें बांधतो, नागमोडी नाच करून मादीला तेथें आणतो, आणि तिनें अंडीं घातलीं कीं तिला हांकलून देऊन दुसरीच्या शोधास लागतो. मग सर्व अंड्यांवर तो आपल्या परांनीं सतत ताजें पाणी खेळवीत राहतो. या व अशा अभ्यासाबद्दल टिनबर्गनला १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

त्याच सुमारास कोंकणच्या किनाऱ्यावरही एक महत्त्वाचें निरीक्षण झालें. सलीम अली १९३० सालीं जर्मनींतून पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन परत आले, तेव्हां त्यांना मुंबईंत नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीम येथें राहावयास गेले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याच्या दिवसांत रोज तेथें बसून त्यांनीं जें पाहिलें तें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. अनेक नर एकत्र येऊन घरटीं विणूं लागतात. घरटें अर्धेंमुर्धें झालें कीं माद्यांचा थवा येतो. मादी आंत शिरून घरटें तपासते; पसंत पडलें तर राहते, न पडलें तर निघून जाते. पसंती मिळाली म्हणजे नर तें घरटें पुरें करितो, त्याला लांब नळी जोडतो, आणि मादी अंड्यांवर बसली कीं आपण दुसरें घरटें विणावयास घेतो, कारण त्याला दुसऱ्या मादीची पसंती मिळवावयाची असते. एका मोसमांत एका नराचे असे दोन किंवा अधिक संसार होतात. पिलांना भरविण्याचा भार मुख्यतः मादीवर पडतो. पुढील काळांतील संशोधनानें असेंही दिसून आलें कीं मादी केवळ विणकामाची सुबकता पाहत नाहीं. घरटें किती सुरक्षित जागीं आहे याला ती फार महत्त्व देते. डार्विनच्या टीकाकारांनीं जिला हंसण्यावारी नेलें ती मादीची निवड किहीमच्या झाडांवर उघड उघड चाललेली होती.

१९४८ सालीं इंग्लंडांत ॲंगस बेटमन यानें फळमाश्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. बरण्यांत सारख्या संख्येनें नर व माद्या सोडून कोणाला किती संतति झाली तें त्यानें आनुवंशिक खुणांवरून मोजलें. नराला जितक्या माद्या अधिक मिळतील तितकी त्याची संतति वाढते. मादीला मात्र अधिक नर मिळाल्यानें तसा लाभ होत नाहीं, असा निष्कर्ष त्यानें काढला. या लेखाकडे वीस-बावीस वर्षें फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

डार्विनच्या ग्रंथाच्या शताब्दीनिमित्त १९७२ सालीं निघालेल्या लेखसंग्रहांत रॉबर्ट ट्रिव्हर्स या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानें या सर्वांतून एक साधें सूत्र काढलें. प्रत्येक अपत्यावर आईबाप जो काळ, जें बळ आणि जो धोका खर्च करितात तें एक प्रकारचें भांडवल होय. तें एका अपत्यावर खर्ची पडलें म्हणजे दुसऱ्यासाठीं उरत नाहीं. ज्याचें भांडवल अधिक गुंतलेलें असतें तो चोखंदळ होतो. ज्याचें कमी गुंतलेलें असतें तो त्याच्यासाठीं स्पर्धा करितो. बहुतेक जातींत मादीचें भांडवल अधिक, म्हणून ती निवडते व नर झुंजतात. परंतु कमळपक्ष्यांत आणि टर्निक्समध्यें उबविणारा नर हाच दुर्मिळ धनको, म्हणून तेथें माद्या झुंजतात. म्हणजे नियम नराचा किंवा मादीचा नसून भांडवलाचा आहे. अपवाद म्हणून बाजूस पडलेले पक्षी एका क्षणांत त्या नियमाचे साक्षीदार झाले.

१९७७ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यानें या विचाराला आणखी एक जोड दिली. राहावें कीं जावें, हा निर्णय एकट्या नराचा किंवा एकट्या मादीचा नसतो. दुसरें काय करील यावर तो अवलंबून असतो. एकट्यानें पिलें जगत असतील तर दोघांपैकीं एकाला जाणें लाभाचें. दोघांवांचून जगत नसतील तर दोघांनाही राहणें भाग.

या दृष्टीनें पाहतां निरनिराळ्या वर्गांतील प्राण्यांचे संसार समजूं लागतात. सस्तन प्राण्यांत गर्भ मादीच्या पोटांत वाढतो आणि दूधही तिलाच असतें. आरंभीं नराला करण्यासारखें थोडेंच असतें, म्हणून तो बहुधा निघून जातो. नर-मादी जोडीनें राहतात अशा सस्तन जाति दहांत एकही भरत नाहींत. तरीही दक्षिण अमेरिकेंतील मार्मोसेट नांवाच्या चिमुकल्या माकडांत मादीला बहुधा जुळें होतें, आणि दोन पिलांचा भार तिला एकटीला झेपत नाहीं, म्हणून बाप त्यांना पाठीवर घेऊन हिंडतो.

पक्ष्यांत दूध नाहीं; अंडीं उबविणें आणि चारा आणणें हीं कामें नरालाही तितकींच साधतात. शिवाय पिलांची भूक इतकी मोठी असते कीं एकट्या मादीला ती पुरी करितां येत नाहीं. म्हणून दहांपैकीं सुमारें नऊ पक्षिजातींत जोडीचा संसार दिसतो. सह्याद्रींतील धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत स्वतःला कोंडून घेऊन दार लिंपते, आणि एका फटींतून नर तिला व पुढें पिलांनाही महिनोनमहिने फळें भरवितो. तो मेला तर त्या विणीवर बहुधा पाणी पडतें.

माशांत प्रकार निराळाच आहे. बहुतेक माशांत कोणीच अंड्यांकडे पाहत नाहीं. परंतु जेथें एकटें कोणी पाहतें तेथें तो बहुधा बाप असतो. अंड्यांचें फलन शरीराबाहेर, नरानें राखलेल्या जागेंत होतें. मादी आधीं अंडीं टाकून निघून जाते व नर अंड्यांपाशीं उरतो. शिवाय एकाच घरट्यांत तो अनेक माद्यांचीं अंडीं राखूं शकतो. त्यामुळें पहारा केल्यानें त्याची दुसरी जोडीदारीण हुकत नाहीं. स्टिकलबॅकची मादी तर आधीं अंडीं असलेलें घरटेंच पुष्कळदां पसंत करिते. ॲरिस्टॉटलच्या ग्लॅनिसचें कोडें याप्रमाणें उलगडलें.

या हिशेबांत एक मोठी अडचण राहते, ती म्हणजे अपत्य आपलेंच आहे याची खात्री. आईला ती असते, बापाला नसते. पाठीवर अंडीं वाहणाऱ्या पाणकिड्याकडे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट स्मिथ यानें १९७० नंतरच्या दशकांत पुन्हां लक्ष दिलें, तेव्हां असें दिसलें कीं नर मुळींच नाखूष नसतो. तो अंड्यांना हवा मिळावी म्हणून पृष्ठभागाशीं येतो, पाण्यांत अंग हलवीत राहतो. त्याच्या पाठीवरून अंडीं काढलीं तर तीं मरतात. परंतु मादीला पाठ देण्यापूर्वीं तो तिच्याशीं समागम करितोच, आणि थोडीं अंडीं घालून झालीं कीं तिला थांबवून पुन्हां करितो. ही मादी पूर्वीं दुसऱ्या नराकडे गेलेली असली, तरी त्याच्या पाठीवरील जवळ जवळ सर्व अंडीं त्याचींच असतात, हें १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें. खात्री जितकी अधिक तितकी सेवा अधिक, असा हा व्यवहार आहे.

पक्ष्यांच्या बाबतींत या व्यवहारानें पुष्कळांचा भ्रमनिरास केला. रेव्हरंड मॉरिस नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डनॉक या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या साध्या, विनम्र राहणीची स्तुति करून माणसांनीं त्याचा कित्ता गिरवावा असें सुचविलें होतें. १९८५ च्या सुमारास रक्ताच्या आनुवंशिक द्रव्यावरून पितृत्व ठरविण्याची पद्धति इंग्लंडांत निघाली, आणि केंब्रिजच्या वनस्पति-उद्यानांत निक डेव्हिस व त्याच्या सहकाऱ्यांनीं डनॉकचे संसार तपासले. एका मादीला दोन नर, एका नराला दोन माद्या, कांहीं ठिकाणीं दोघांना दोघी, असे सर्व प्रकार एकाच बागेंत निघाले. मादी दोन्ही नरांना जवळ करिते. आणि ज्या नराला तिच्या सहवासाचा जितका वांटा मिळतो त्या मानानें तो पिलांना चारा आणतो. रेव्हरंड मॉरिसच्या श्रोत्यांनीं त्याचा उपदेश अक्षरशः पाळला नाहीं हें बरेंच झालें.

पितृत्वाच्या या प्रश्नाची दुसरी बाजू भयानक आहे. जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यानें १९६१ ते १९६३ या काळांत धारवाडजवळील जंगलांत वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. नवा नर जुन्याला हुसकून टोळी ताब्यांत घेतो तेव्हां तो अंगावर पिणारीं पिलें मारतो, असें त्याच्या पाहण्यांत आलें. पुढें सॅरा हर्डी या अमेरिकन विदुषीनें अबूच्या पहाडावरील वानरांत हाच प्रकार पाहून १९७७ सालीं त्याची मीमांसा मांडली. पिलूं मेलें कीं मादी लवकर पुन्हां गर्भक्षम होते, आणि तें नव्या नराच्या हिताचें असतें. परंतु मादी याला केवळ बळी पडते असें नाहीं. ती अनेक नरांशीं संबंध ठेवून कोणतें पिलूं कोणाचें याचा संभ्रम निर्माण करिते. कारण जें पिलूं आपलें असूं शकेल त्यावर नर सहसा हात टाकीत नाहीं. एके ठिकाणीं पितृत्वाची खात्री पिलाला तारते, तर दुसरीकडे पितृत्वाचा संशयच त्याचें कवच होतो.

वानरांच्या माद्यांची ही नीति बेटमनच्या निष्कर्षाशीं जुळत नाहीं. अधिक नरांपासून मादीला कांहीं लाभ नाहीं असें जें त्याला फळमाश्यांत दिसलें, तें सर्व प्राण्यांचा नियम होऊं शकत नाहीं, असें हर्डीसारख्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें. २०१२ सालीं पॅट्रिशिया गोवाटी हिनें सहकाऱ्यांसह बेटमनचा मूळ प्रयोगच पुन्हां करून पाहिला, तेव्हां त्याच्या मोजणींत दोष आढळला. आईबापांच्या दोन्ही खुणा ज्यांच्या अंगीं आल्या अशा पुष्कळ माश्या वाढण्यापूर्वींच मरत होत्या. त्यामुळें हिशेब चुकत होता. यावरून ट्रिव्हर्सचें सूत्र कोलमडलें असें नाहीं. परंतु नर म्हणजे उधळा आणि मादी म्हणजे लाजाळू, हें जुनें ठोकळेवजा चित्र मात्र पुसलें गेलें.

या इतिहासांतून कोणी मनुष्याच्या आचरणाला आधार शोधूं लागला तर त्याची निराशाच होईल. एकपत्नीव्रतासाठीं धनेशाचा दाखला द्यावा तर शेजारीं सुगरणीचा नर उभा आहे. मातेचें वात्सल्य निसर्गसिद्ध म्हणावें तर कमळपक्ष्याची मादी अंडीं टाकून निघालेली आहे. निसर्गानें कोणालाही आईचें किंवा बापाचें काम जन्मतः नेमून दिलेलें नाहीं. परिस्थितीप्रमाणें तें ठरत गेलें आहे.

परंतु हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नाहीं. पश्चिम किनाऱ्यावरील कोळ्यांना सुपरिचित असलेला शिंगाळा मासा हाही मिशाळ माशांच्याच मोठ्या वर्गांतला, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या ग्लॅनिसचा दूरचा आप्त आहे. त्याची मादी गोटीएवढालीं मोजकीं अंडीं घालते, आणि नर तीं तोंडांत घेऊन, पिलें स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे उपाशी राहतो. अशा नरांचे थवेच्या थवे एकत्र फिरतात. १९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांचीं मोठीं घेर-जाळीं आलीं, तेव्हां या थव्यांवर जाळीं पडूं लागलीं. जाळ्यांत आलेला नर तोंडांतील अंडीं टाकून देतो, आणि तीं ढिगांनीं नासून जातात. बाप आणि त्याच्या तोंडांतील पुढची पिढी एकाच खेपेला नाहींशी होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं या नाशाची नोंद करून अशा मासेमारीला आळा घालण्याची गरज त्याच वेळीं दाखवून दिली होती. तरीही त्या किनाऱ्यावर पूर्वीं विपुल मिळणारा हा मासा पुढें फार घटला. जी जाति हजारों अंडीं समुद्रावर सोडून देते ती असा तोटा कांहीं अंशीं भरून काढते. जिचा सारा भरंवसा थोड्या अंड्यांवर आणि उपाशी बापावर आहे तिला तो भरून काढतां येत नाहीं.

आकेलोस नदींतील कोळी ज्या निष्ठेच्या जोरावर ग्लॅनिसला गळाला लावीत, त्याच निष्ठेमुळें शिंगाळा जाळ्यांत सांपडतो. फरक इतकाच कीं ग्रीक कोळ्याच्या हातीं एक गळ होता. अंडीं कोण वाहतो, केव्हां वाहतो आणि कोठें वाहतो हें आतां माहीत झालें आहे. तेवढे आठवडे आणि तेवढें पाणी जाळ्यांपासून मोकळें ठेवणें, हा तेवीसशें वर्षांच्या या शोधाचा सर्वांत व्यवहारी उपयोग होय.